मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर किती, वेळ किती आणि तो रोज वेगळा का?

अमेरिकेत मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमानात किती तास बसायचे? उत्तर शोधायला गेले की गोंधळ होतो. इंटरनेटवरचे एखादे गणकयंत्र १४ तास सांगते, तिकिटावर १६ तास छापलेले असतात आणि शेजारचे काका म्हणतात, ‘आम्हाला तर २२ तास लागले होते.’ गंमत म्हणजे तिघेही बरोबर असू शकतात.

आधी थोडक्यात उत्तर. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला जायला साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास लागतात आणि न्यूयॉर्कहून मुंबईला यायला साधारण १४ ते १५ तास. दुबई, लंडन किंवा अशाच एखाद्या ठिकाणी विमान बदलून गेल्यास १९ ते २४ तास, कधी त्याहूनही जास्त. विमान न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरो किंवा शेजारच्या न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला, अंतरात सांगण्याजोगा फरक पडत नाही.

पण अंतर एकच असताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का? आणि गेल्या काही वर्षांत तो वाढला का? याचे उत्तर थोडे भूगोलात आहे, थोडे वाऱ्यात आणि बरेचसे देशादेशांतल्या संबंधांत.

सरळ रेषा म्हणजे नेमकी कोणती?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी रेषा पट्टीने आखून पाहा. ती अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को असे करत अटलांटिक महासागरात शिरते. सपाट कागदावर हा रस्ता अगदी सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो सुमारे १४,२०० किलोमीटरचा आहे, म्हणजे सर्वांत जवळच्या रस्त्यापेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त.

कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोल पृष्ठभाग कागदावर पसरताना उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग ताणला जातो. नकाशावर ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते ते यामुळेच. खरे तर आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदापट मोठी आहे. त्यामुळे दोन शहरांमधला जवळचा रस्ता शोधायचा तर नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल हातात घ्यावा. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरायचे, दुसरे न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणायचा. दोरा आपोआप जिथून जाईल तो सर्वांत कमी अंतराचा मार्ग. शाळेच्या भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचाच हा एक तुकडा.

मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत हा दोरा पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करतो. अमेरिका पश्चिमेला, म्हणून विमान पश्चिमेला निघेल अशी आपली समजूत असते. दोरा मात्र मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे, थोडासा पश्चिमेला कलून निघतो. राजकोटच्या आसपासचा सौराष्ट्र, कच्छचे रण, पाकिस्तानातला सिंध प्रांत, अफगाणिस्तानात कंदाहारच्या जवळपास, मग तुर्कमेनिस्तानचे वाळवंट, कझाकस्तान, रशियात थेट मॉस्को, फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळून, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडाचा लाब्राडोर आणि शेवटी अमेरिकेच्या मेन राज्यावरून न्यूयॉर्क! आइसलँडच्या अलीकडे हा मार्ग जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. तिथून आर्क्टिक वृत्त जेमतेम दोनशे किलोमीटर उरते. मुंबईच्या उकाड्यातून निघून न्यूयॉर्कला जाताना मध्येच आर्क्टिकच्या उंबरठ्यावरून जावे लागते, हे सपाट नकाशा पाहून कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

या दोऱ्याची लांबी म्हणजेच ते १२,५५० किलोमीटर. ‘हवाई अंतर’ म्हणून जो आकडा सगळीकडे दिलेला असतो तो हाच. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की १४ तास येतात. गणकयंत्राचे उत्तर इथून आले.

दोऱ्याच्या वाटेतले देश

अडचण अशी, की दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली आहे. कुणाच्या विमानांना आपल्या हद्दीतून जाऊ द्यायचे, त्यासाठी किती शुल्क घ्यायचे आणि कधी दार बंद करायचे, हे तो देश ठरवतो. वरची यादी पुन्हा वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. मुंबई ते न्यूयॉर्क हा जवळचा रस्ता नेमका अशा तीन आकाशांमधून जातो, जिथे गेल्या काही वर्षांत दारे बंद झाली किंवा जाणे धोक्याचे झाले.

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तापालट झाला आणि तिथले हवाई वाहतूक नियंत्रण कोलमडले. आकाशात विमानांना दिशा देणारे कुणी नाही म्हटल्यावर बहुतेक कंपन्यांनी तो भाग टाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले. युरोपीय देश, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांनी रशियन विमानांना बंदी केली आणि रशियाने त्यांच्या विमानांना. भारतीय कंपन्यांना रशियाचे आकाश खुले राहिले, अमेरिकी कंपन्यांना नाही. युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई-न्यूअर्क ही उड्डाणे तात्पुरती थांबवली. एकाच शहरातून एकाच शहरात जाणाऱ्या दोन कंपन्यांचे रस्ते तेव्हापासून वेगळे झाले. भारतीय कंपनीचे विमान जिथून जाऊ शकते तिथून अमेरिकी कंपनीचे जाऊ शकत नाही.

खुल्या आकाशाचीही जोखीम असतेच. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदान या गावी उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवाशांची तिथे तात्पुरती सोय करावी लागली आणि दुसरे विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आले. ज्या देशाचे रशियाशी व्यवहारच थांबले आहेत, त्या देशाच्या कंपनीला अशा वेळी सुटे भाग, तंत्रज्ञ आणि प्रवासी या सगळ्यांची किती ओढाताण सोसावी लागली असती, याचा अंदाज करता येतो.

आणि पाकिस्तान. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, भारतानेही तेच केले आणि मग ही मुदत महिन्यामहिन्याने वाढवली जात राहिली. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत हद्द बंद होती. त्या काळात लांबच्या फेऱ्यामुळे एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

दिल्लीला वळसा, मुंबईला नुसते वळण

या बंदीचा फटका सगळ्या शहरांना सारखा बसत नाही. दोन शहरांचा हिशेब मांडला की हे स्पष्ट होते.

सर्वांत जवळच्या मार्गाने दिल्ली ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा आठशे किलोमीटर कमी. दिल्ली उत्तरेला असल्याने तिला हा फायदा जन्मजात मिळालेला आहे. पण दिल्लीहून पश्चिमेला निघालेले विमान थोड्याच वेळात पाकिस्तानच्या सीमेवर पोचते. ती बंद असेल तर त्याला आधी दक्षिणेला, अहमदाबादच्या बाजूने खाली येऊन अरबी समुद्र गाठावा लागतो आणि तिथून ओमानकडे वळावे लागते. दिल्ली-अहमदाबाद-मस्कत-न्यूयॉर्क असे टप्पे मोजले तर अंतर साडेतेरा हजार किलोमीटरवर जाते. जवळपास पावणेदोन हजार किलोमीटरचा वळसा!

मुंबईच्या समोर मात्र समुद्रच आहे. मुंबई-मस्कत-न्यूयॉर्क असे मोजले तर अंतर भरते सुमारे १२,९०० किलोमीटर, म्हणजे फक्त साडेतीनशे किलोमीटर जास्त. विमानाच्या हिशेबात ही पंचवीसेक मिनिटे झाली. थोडक्यात, पाकिस्तानचे आकाश बंद झाले की न्यूयॉर्कसाठी दिल्ली दूरची आणि मुंबई जवळची होते. जमिनीवर काहीच हललेले नसते.

मस्कतहून पुढचा जवळचा रस्ता इराणवरून जातो. तिथेही तणाव असेल तर विमान आणखी दक्षिणेला राहून सौदी अरेबिया, इराक, तुर्कस्तान असे युरोपात शिरते. रियाध आणि इस्तंबूलवरून हा मार्ग मोजला तर तो साधारण १३,२५० किलोमीटर होतो. तरीही वाढ सातशेच किलोमीटरची, म्हणजे पाऊण तासापेक्षा किंचित जास्त. इतके मोठे वळण घेऊनही एवढेच का वाढते? प्रवास जितका लांबचा, तितके मधल्या बिंदूचे इकडे-तिकडे सरकणे स्वस्त पडते. मुंबईहून नागपूरला जाताना हैदराबादवरून गेलात तर केवढा फेरा पडतो! पण बारा हजार किलोमीटरच्या प्रवासात लंडनला थांबलात तर एकूण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, झाला हिशेब. दुबईमार्गे गेलात तर साधारण चारशे किलोमीटर वाढतात. म्हणजे थांबा घेऊन जाणाऱ्याचे जे तास वाढतात ते अंतरामुळे नव्हेत, विमानतळावर बसून राहण्यामुळे वाढतात.

इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते

अर्धा-पाऊण तास म्हणजे काही फार नाही, असे प्रवाशाला वाटते. विमानकंपनीला तसे वाटत नाही. या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते आणि ते तासाला साधारण ७ ते ८ टन इंधन जाळते. एक तास वाढला की तेवढे इंधन जास्त घ्यायचे, त्या इंधनाचे वजन उचलायला आणखी थोडे घ्यायचे. शिवाय नियमाप्रमाणे उतरायच्या विमानतळावर काही अडचण आली तर दुसऱ्या विमानतळावर पोचण्याएवढे आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याएवढे इंधन शिल्लक ठेवावेच लागते. उड्डाणाच्या वेळच्या एकूण वजनाला मर्यादा असते. इंधन वाढले की माल कमी करावा लागतो, तेही पुरले नाही तर काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात.

हेही जमले नाही तर वाटेत इंधनासाठी थांबणे आले. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात असा थांबा घ्यावा लागला. दिल्ली-वॉशिंग्टन ही सेवा तर कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. नूतनीकरणासाठी काही विमाने सेवेतून बाहेर आणि त्यात पाकिस्तानची बंद हवाई हद्द, अशी दोन कारणे कंपनीने दिली.

वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असतात. म्हणून एवढ्या लांबच्या विमानात वैमानिकांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी विमान चालवते तेव्हा दुसरी वेगळ्या कक्षात झोप काढते. प्रवाशाला याची गंधवार्ताही नसते, पण प्रवास आणखी तासाभराने वाढला तर हे वेळापत्रकही कोलमडू शकते.

जाताना सोळा, येताना चौदा

आता वाऱ्याकडे वळू. जाण्या-येण्याच्या वेळातला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच चालत येणार, असा तो तर्क. तसे असते तर पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा होता. प्रत्यक्षात उलटे घडते. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या वातावरणात उडते, त्यामुळे हा हिशेबच मुळात चुकतो. धावत्या लोकलच्या डब्यात उडणारी माशी काही मागे पडत नाही, तसेच हे.

खरे कारण आहे जेट स्ट्रीम. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. उष्ण आणि थंड हवेच्या तापमानातला फरक त्यांना जन्म देतो आणि पृथ्वीचे फिरणे त्यांना पूर्वेकडे वळवते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो असा आडवाटेने. हिवाळ्यात हे वारे जास्त जोर धरतात. नेमकी हीच उंची प्रवासी विमानांची. या वाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी हवामानाचे फुगे सोडून केला. जगाला कळावे म्हणून त्यांनी अहवाल लिहिला तो एस्परांतो या कृत्रिम भाषेत, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही.

वाऱ्याचा परिणाम किती होतो? विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर, अंतर १२,९०० किलोमीटर आणि वाटभर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समजा. जाताना वारा समोरून, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ८४०. लागले १५ तास २० मिनिटे. येताना वारा पाठीशी, वेग ९६०. लागले १३ तास २५ मिनिटे. फरक जवळजवळ दोन तासांचा. गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणे यांचा अर्धा-पाऊण तास मिळवला की तिकिटावरचे सोळा आणि चौदा हे आकडे येतात. तिकिटावर छापलेला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, केवळ हवेतला नव्हे.

वारा अनुकूल असला की काय घडू शकते, याचे एक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले. वादळामुळे अटलांटिकवरची जेट स्ट्रीम कमालीची बळावली होती. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला असा मात्र त्याचा अर्थ नाही. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते, ती हवाच पळत होती.

म्हणूनच कमी किलोमीटर म्हणजे कमी तास, हे समीकरण विमानाला लागू पडत नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच बदलली. पूर्वी ते अटलांटिकवरून पश्चिमेकडे, सुमारे १३,९०० किलोमीटर जायचे. त्याऐवजी ते पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेने जास्त. तरी वेळ दोनेक तासांनी कमी झाला, कारण वारा वाटभर पाठीशी होता.

मुंबई-न्यूयॉर्क विमानाचा मार्गही त्यामुळे रोज नव्याने आखला जातो. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा वारा, बंद हद्दी, हवामान आणि शुल्क हे सगळे जमेस धरून मार्ग ठरतो. अटलांटिकवर तर विमानांसाठी दररोज वाऱ्याप्रमाणे समांतर पट्टेच आखले जातात, एक संच पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि दुसरा पूर्वेला येणाऱ्यांसाठी. आज जाणारे विमान आइसलँडजवळून गेले म्हणून उद्याचेही तिथूनच जाईल असे नाही.

घड्याळाची गंमत

तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा स्थानिक असतात. त्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास काढता येत नाहीत. न्यूयॉर्क भारताच्या हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात.

समजा, जानेवारीत मुंबईहून विमान रात्री दीड वाजता सुटले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे दुपारचे तीन वाजलेले असतात. सोळा तासांनी विमान पोचते तेव्हा तिथे सकाळचे सात वाजतात, तारीख तीच. तिकीट वाचणाऱ्याला वाटते, साडेपाच तासांत पोचलो! परतताना उलटे. न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान चौदा तासांनी मुंबईत पोचते तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. औषधे वेळेवर घ्यायची असतात त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. मधुमेहासारख्या आजारात गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या घड्याळाने घ्यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवणे चांगले.

आणखी एक घोटाळा शब्दांचा. आपण ‘डायरेक्ट फ्लाइट’ असे सरसकट म्हणतो. विमानसेवेच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे एकाच क्रमांकाचे उड्डाण. ते वाटेत एखाद्या ठिकाणी थांबूही शकते. कुठेही न थांबणाऱ्याला नॉनस्टॉप म्हणतात. एकट्याने प्रवास करणाऱ्या वयस्कर माणसाचे तिकीट काढताना हा फरक तपासून घ्यावा, म्हणजे विमान अचानक व्हिएन्नात उतरले तरी घाबरगुंडी उडत नाही.

नॉनस्टॉप घ्यावे की थांब्याचे?

आज हा प्रश्न पडतो, कारण दोन्ही पर्याय आहेत. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली ती लंडनमार्गे. मुंबईहून एका झेपेत न्यूयॉर्क गाठणारी एअर इंडियाची सेवा २००७ मध्ये आली. मधल्या काळात तिच्यात बदल होत गेले आणि जेएफकेसाठी नॉनस्टॉप सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. सिंगापूर-न्यूयॉर्क हे विमान तर १५,३०० किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता कापते. तुलनेने मुंबईचे सोळा तास आता फार मोठी गोष्ट राहिलेली नाही.

ज्यांना इंग्रजीतल्या पाट्या, लांबच लांब टर्मिनल आणि सुरक्षा तपासणीचा दुसरा फेरा यांचे दडपण येते, त्यांच्यासाठी नॉनस्टॉप बरे. सामान वाटेत राहून जाण्याचा धोकाही कमी. मात्र सोळा तास एका खुर्चीत बसणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो तरीही साधारण सहा हजारांत एक एवढाच असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण ज्यांना पूर्वी गुठळ्यांचा त्रास झाला आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कॅन्सरवर उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच ठरवावे. बाकीच्यांनी कडेची सीट घ्यावी, दर तास-दीड तासाने उठून दोन पावले चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत आणि पाणी पीत राहावे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ज्यांना सलग बसवत नाही, त्यांना मध्ये दोन-तीन तासांचा थांबा सुखाचाही वाटू शकतो. व्हीलचेअर हवी असेल तर निदान दोन दिवस आधी विमानकंपनीला कळवावे.

थांब्याचे तिकीट घेताना मधला वेळ दीड तासापेक्षा कमी असेल तर ते स्वस्त मिळाले तरी विचार करावा. पहिले विमान अर्धा तास उशिरा आले की पुढचे हुकते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर विमानकंपनी पुढची सोय करते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर तो भार आपल्यावर येतो. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात २३ तारखेला कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली, तेव्हा दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी मध्येच अडकले होते. अशा वेळी तिकीट एक की दोन, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

आणि विमान प्रत्यक्षात किती तास घेते हे पाहायचे असेल तर तिकिटापेक्षा उड्डाण क्रमांक जास्त उपयोगी. विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की गेल्या आठवड्यातली उड्डाणे दिसतात: कधी सुटले, कुठून गेले, कधी टेकले. न्यूयॉर्कला आणायला येणाऱ्यांनी तिथली पोचण्याची वेळ पाहून त्यात इमिग्रेशन आणि सामानाचा तास-दीड तास मिळवावा आणि मगच घरून निघावे.